चिचगडचं बारावं नाव

कापगते काका मशीनच्या पुढे फारसे उभे राहत नसत. बटणं पुढे होती, लाल-हिरवे दिवे पुढे होते, कागदाचा खोकाही पुढेच लागायचा. कोणी पाहुणा छापखाना बघायला आला की तोही पुढेच उभा राहून थक्क व्हायचा. काका मात्र मागे. छापलेला कागद जिथे वरून उतरतो आणि घडीवर घडी घालत लोखंडी जाळीत बसतो, तिथे पाठ तुटलेली एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर काकांचा डबा आणि दुपट्टा बसायचे. काका स्वतः उभे.

"पुढून कोनी बी घालते," ते म्हणायचे. "मागं गोळा करनारा पाहिजे."

गोंदियात रेल्वे लाइनच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं वगैरे पुढच्या भागात छापली जात. मागच्या खोलीत मोठी मशीन होती, आणि तिला लागायचा तो सलग कागद. एका खोक्यात हजारो पानं, सगळी एकमेकांना जोडलेली, एक घडी इकडे, एक घडी तिकडे अशी रचलेली. कागदाच्या दोन्ही काठांना भोकांची रांग. मशीनचे दाते त्या भोकांत बसत आणि कागद ओढून घेत. पूर्ण ओळ एका दमात छापली जायची. एखादं नाव नजरेत भरेपर्यंत पान पुढे गेलेलं असायचं. सोसायट्यांच्या सभासदांना जाणाऱ्या नोटिसा, परीक्षांचे आसनक्रमांक, निरनिराळ्या याद्या असं सगळं त्या मशीनवर निघे. आणि दर महिन्याला मुलांच्या एका मासिकाच्या पत्त्याच्या पट्ट्या.

मी त्या छापखान्यात कॉम्प्युटरवर याद्या तयार करायला लागले तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला जायचे, आईचंही तेच. त्यामुळे पंखा असलेल्या खोलीत खुर्चीवर बसून काम करायचं याचंच मला इतकं अप्रूप होतं, की पहिल्या दिवशी मी कुणी सांगेपर्यंत बसलेच नव्हते.

काकांनीच सांगितलं, "बस बेटा. खुर्ची चावत नाही."

मग त्यांनी विचारलं, "कोन्या गावची?"

"देवरीजवळची, काका. शाळा देवरीलाच झाली."

"मी चिचगडचा. आपल्याच तालुक्याची मंग तू." हातातला कागद खाली ठेवून ते म्हणाले, "सातवीत कोन्या साली होतीस?"

मी साल सांगितलं. काकांनी मान हलवली, "बरं," म्हणाले आणि कागदाकडे वळले. मला नवल वाटलं. आमच्याकडे मोठी माणसं आडनाव विचारतात, वडील काय करतात विचारतात, लग्नाचं विचारतात. सातवीचं कुणी विचारत नाही.

काका तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. उंच, किंचित वाकलेले. खाकी पँटवर पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या बाह्यांवर रिबनच्या शाईचे जुने डाग. आठवडाभर ते गोंदियात एका खोलीवर राहत, शनिवारी दुपारी देवरीची बस धरून गावी जात आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असत. बोलायचे कमी. कागदाशी मात्र जरा जास्त बोलायचे.

नागपूरवरून नवीन खोके आले की काका ते त्याच दिवशी उघडू देत नसत. मशीनशेजारी एका फळीवर रचून ठेवायचे. "आजच आला बिचारा. एक दिवस अठली हवा खाऊ दे. त्याले घर ओळखू दे."

आमचे सेठजी हिंदी बोलणारे, गोंदियाचेच. ते केबिनमधून ओरडायचे, "अरे कापगते, कागज है वो! घर का दामाद नहीं है!"

"दामादच हाय सेठजी," काका शांतपणे उत्तर द्यायचे. "अडून बसला त इज्जत तुमचीच जाते."

सेठजी हसायचे आणि खोका दुसऱ्या दिवशीच उघडायचा. कारण दोनदा घाई केली होती आणि दोन्ही वेळा मशीनने कागद चघळून बाहेर टाकला होता. पावसाळ्यात तर काका कागदाला जीव लावायचे. दमट हवेने कागद फुगतो, भोकं दात्यांवर नीट बसत नाहीत. खोका उघडला की ते वरचं पान गालाला लावून बघत. आई तापलेल्या मुलाच्या कपाळाला गाल लावते तसं. ओल लागली तर त्या गठ्ठ्याला बाजूला करून वर बल्ब लावून ठेवत. एकदा हातगाडीवरून खोके येत असताना पाऊस आला. काकांनी स्वतःची बरसाती काढून खोक्यांवर घातली आणि आपण निथळत आत आले. शकुनबाई म्हणाली, "कागदाले सर्दी झाली असती काय गा?"

"माह्यावर काही छापाचं नाही," काका म्हणाले.

शकुनबाई म्हणजे पट्ट्या फाडून मासिकांना गुंडाळणारी बाई. छापखान्यात काकांइतकीच जुनी. काकांची थट्टा करण्याचा हक्क तिच्या एकटीकडे होता.

काकांच्या हातातलं खरं कसब म्हणजे जोड. खोका संपत आला की मशीन थांबवायची नसते. जुन्या खोक्याचं शेवटचं पान आणि नव्या खोक्याचं पहिलं पान चिकटपट्टीने जोडायचं, भोकावर भोक अचूक आलं पाहिजे, आणि घडीचा कल चुकता कामा नये. जुना कागद इकडे वाकून संपला असेल तर नवा तिकडेच वाकून सुरू झाला पाहिजे. चुकलं तर पुढे काही कळत नाही, मागे कळतं. घड्या उलट्या पडतात आणि रचलेला ढीग कोसळतो.

मला शिकायचं होतं म्हणून काकांनी एकदा मला जोड करू दिला. मी भोकं इतक्या काळजीने जुळवली की श्वासही घेतला नाही. दहा मिनिटांनी मागे गेले तर जाळीत घडी दिसेना, नुसती वेटोळी. कागद जाळीबाहेर पडून खोलीभर पसरत होता. मला रडू आलं. काका रागावले नाहीत. त्यांनी तो सगळा कागद मांडीवर घेऊन हाताने घडी घालायला सुरुवात केली, एक इकडे, एक तिकडे, मधूनच कडा सारख्या करायला हलकी थाप.

"पाय बेटा, कागद विसरत नाही. कारखान्यात पैली घडी जिकडं पडली, मरेपर्यंत तो तिकडंच वाकते. आपन त्याचं आयकाचं. त्याले आपलं आयकवाले गेलो त असं होते."

त्यानंतर माझा जोड कधी चुकला नाही. पण माझा जोड लागला की काका त्यावरून एकदा अंगठा फिरवत. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. स्वतःच्या जोडावरूनही फिरवत.

एकदा नागपूरहून मशीन तपासायला एक तरुण इंजिनीअर आला. त्याने सगळं पाहिलं, झाकण लावलं, कागदावर सही केली आणि मशीन ठीक आहे म्हणाला. काका मागून म्हणाले, "डाव्या अंगानं कन्हून राहिली, साहेब."

"काका, मशीनला दुखत-खुपत नाही हो," तो हसला.

त्याला चहा येईपर्यंत मशीनने डाव्या बाजूने कागद खाल्ला. आत बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या चुण्या पडून पानं अडकली. इंजिनीअर खजील झाला. काकांनी झाकण उघडून चुरगळलेली पानं अलगद सोडवली, एकेक पान गुडघ्यावर सपाट केलं आणि त्यावरची नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी स्क्रीनवर खुणा करत गेले. पुन्हा कोणत्या नावापासून छापायचं ते ठरवायचं होतं.

"पाच-सहा आधीपासून घेऊन टाकू ना काका," मी म्हटलं. "एवढी वाचायची कशाला?"

"घे. पन वाचू बी दे." ते म्हणाले, "एखादं नाव दोनदा छापलं त चालते. तो मानूस हसते न् एक कागद फेकते. एकदाबी नाही छापलं त त्याले समजतबी नाही आपन सुटलो म्हनून. तो आपला वाट पाहत राहते."

आमच्या कामात सुटलेलं पान ही सगळ्यात मोठी चूक. मशीन ती करत नाही. कागद लावणारा आणि कागद गोळा करणारा, या दोघांच्या हातून ती होते. इतक्या वर्षांत आपल्या हातून एकही पान सुटलं नाही, याचा काकांना अभिमान होता. दुसरा कोणता अभिमान मी त्यांच्यात पाहिला नाही.

आता त्या पट्ट्यांविषयी सांगते. ते मुलांचं मासिक मी शाळेत असताना आमच्या वर्गातही यायचं. पत्त्याच्या पट्टीला कधीकधी भोकांचा काठ तसाच राहिलेला असायचा आणि तो कोणी घ्यायचा यावरून आम्ही भांडायचो. मुली त्याची माळ करायच्या. तो काठ आपल्या जिल्ह्यातल्याच एका गोदामातून येतो हे तेव्हा माहीत नव्हतं. पट्टीवर मुलाचं नाव, इयत्ता आणि गाव असे. तालुक्यावार छपाई व्हायची. देवरी तालुका सुरू झाला की काका हातातलं काम ठेवत, दुपट्ट्याला हात पुसत आणि चिचगड यायच्या वेळी उजवा तळहात उतरत्या कागदाखाली धरत. कागद त्यांच्या हातावरून घसरत जाळीत जायचा. चिचगडची बारा नावं होती. ती गेली की हात परत.

"आला वाटते तुहा गाव," शकुनबाई म्हणायची.

"आला," काका म्हणायचे.

मला वाटायचं, गावापासून लांब राहणारा माणूस, गावाचं नाव दिसलं की त्याला बरं वाटत असेल. मलाही देवरी दिसली की वाटायचं. यापलीकडे मी विचार केला नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी मासिकवाल्यांनी कळवलं की यादी फार जुनी झाली आहे, साफ करून द्या. मुलं शाळा सोडून गेली तरी नावं तशीच राहिली आहेत. सेठजींनी काम माझ्यावर टाकलं. मी उत्साहाने लागले. शिकलेल्या मुलीचं काम आहे असं वाटलं. कुणीही एका इयत्तेत दोन वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही, हा साधा हिशेब. मी कॉम्प्युटरला तसं शोधायला लावलं. त्याने काही ओळी काढून दाखवल्या आणि विचारलं, काढून टाकू का? मी हो म्हटलं. नावं वाचली नाहीत. किती ओळी आहेत तेवढंच पाहिलं. सेठजी म्हणाले, "शाबाश बेटी, पढ़ाई-लिखाई इसको कहते हैं।" मी ते घरी फोन करून आईलाही सांगितलं.

त्या महिन्याच्या पट्ट्या लागल्या तो दिवस मला नीट आठवतो. सकाळचे अकरा वाजले असतील. देवरी तालुका सुरू व्हायला आणि खोका संपायला एकच गाठ पडली. काकांनी चालत्या मशीनवर जोड केला, अंगठा फिरवला आणि लगबगीने मागे गेले. हात पुसला, कागदाखाली धरला. चिचगड आलं आणि गेलं.

मशीन थांबली.

मी दचकून पाहिलं. मागच्या बाजूला धोक्याच्या वेळी दाबायचं एक लाल बटण होतं. ते कुणी दाबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकांचं बोट त्यावर होतं.

"क्या हुआ?" केबिनमधून सेठजी.

"काही नाही सेठजी. पान पाहून राहिलो."

त्यांनी जाळीतला गठ्ठा उचलला आणि जमिनीवर उलगडायला सुरुवात केली. जोड सापडेपर्यंत मागे गेले, मग तिथून पुढे एकेक पान. कागद दारापर्यंत पोचला. ते गुडघ्यावर बसून जोड बघत होते. भोकं बघितली. घडी बघितली. चिकटपट्टीची कड नखाने उचलून आत काही दुमडलं आहे का ते बघितलं. मग मशीनचं झाकण उघडून आत हात घातला, कोपऱ्यात चिंधी राहिली का म्हणून. शेवटी कचऱ्याचं पोतं ओतलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बेटा, तुह्या कॉम्प्युटरमंधी पाय बरं. चिचगडचे किती नाव हायेत?"

मी पाहिलं. "अकरा, काका."

"बारा पाहिजे. माह्या हातून एक पान गेलं."

"कुणाचं नाही?"

काका उभे राहिले. शाळेत हजेरी घेतात तसं पूर्ण नाव त्यांनी सांगितलं, "कुमारी दिपाली देवाजी कापगते. इयत्ता सातवी."

मी काढलेल्या नावांची यादी उघडली. नाव तिथे होतं. मला हायसं वाटलं, कारण काकांची चूक नव्हती. आणि मी जे बोलले ते आजही मला जसंच्या तसं ऐकू येतं. मी हसून म्हटलं, "अहो काका, पान नाही गेलं! जुनी नावं मीच काढली ना. ही तर दहा वर्षं सातवीतच होती. तुमची मुलगी का? आता तर कॉलेजही झालं असेल तिचं!"

शकुनबाईचा हात पट्टीवर तसाच राहिला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी विचारलं, "म्हंजे जोड बरोबर होता?"

"हो काका. जोड बरोबर होता."

"हां," ते म्हणाले. "मले वाटलं माह्या हातून गेलं."

मग ते खाली बसले आणि दारापर्यंत गेलेला कागद घडी घालत परत आणू लागले. एक इकडे, एक तिकडे. गठ्ठा जाळीत ठेवला, मशीन सुरू केली आणि चहा प्यायला बाहेर गेले. मशीन चालू असताना ते बाहेर गेले, हेही मी पहिल्यांदा पाहिलं.

शकुनबाईने मला मागच्या पायऱ्यांवर नेलं. म्हणाली, "तुले कोनी सांगतलंच नाही काय वं?"

तिने सांगितलं ते एवढंच. एकुलती एक पोर होती. ताप आला. देवरीच्या दवाखान्यातून आमगावमार्गे गोंदियाला आणत होते, आई सोबत होती. छापखान्यात फोन आला तेव्हा काका मशीनवर होते आणि याच पट्ट्या चालू होत्या. "मी मनलं, बंद कर न् जा. आमगावपर्यंत जाय सामोर. त मनला, गाडी यायले वेळ हाय, एवढा खोका होऊ दे, मधी थांबवली त एखांदं पान सुटते. खोका झाला त्याचा. पोरगी आमगाव यायच्या आधीच गेली." मग म्हणाली, "तवापासून दर साली तिची वर्गणी भरते. सातवी लिहून. आन त्या दिवशी नाही थांबवली ते मशीन त्यानं आज थांबवली, पाय."

मला माझा पहिला दिवस आठवला. सातवीत कोणत्या साली होतीस? मी सांगितलेलं साल आठवलं.

काका परत आल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, मी आत्ता नाव परत टाकते. आत्ताच. तेवढी एक पट्टी वेगळी छापू."

"राहू दे आज," ते म्हणाले. "आज खोका संपवू."

"आणि घरी काकू..."

"तेच विचार करून राहिलो," ते म्हणाले. "मी त समजून घेईन. तिची माय पोस्टमनची वाट पायते. तिले वाचता नाही येत. पन पट्टीवरचं नाव कोनतं ते तिले समजते. अशी हात ठेवते त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याही आधी पोचले. नाव भरायची खिडकी उघडून बसले होते. गाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, तिचं नाव लिहिलं. काका आले, दुपट्टा खुर्चीवर ठेवला आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवरची एकेक ओळ वाचली. एक चौकट रिकामी होती.

"अठी काय लिहिशील?" त्यांनी विचारलं.

ती इयत्तेची चौकट होती.

"सातवी लिहिशील त तुहा कॉम्प्युटर पुढच्या साली पुन्हा काढन. न् खरी लिहू म्हनशील त..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "राहू दे बेटा. बंद कर."

मी बंद केलं.

सोमवारी काका गावाहून आल्यावर मी भीत भीत विचारलं, "काकूंना काय सांगितलं?"

काका वरचं पान गालाला लावून बघत होते. "सांगतलं. मनलं, तुही पोरगी सातवी पास झाली. आता ते पुस्तक नाही येत."

"मग?"

"मंग काय. भाकर वाढली." त्यांनी पान खाली ठेवलं. "पोस्टमनले पानी देते अजून. तो बी बिचारा बसून पेते."

त्यानंतर दर महिन्याला देवरी तालुका येई तेव्हा काका पुढे येऊन उभे राहत, बटणांपाशी. मागे मी जात असे. अकरा नावं माझ्या हातावरून जायची. मी ती वाचायची. आता मला ती पाठ आहेत, त्यांतली निम्मी मुलं शाळेतून बाहेर पडली असतील तरी.

पुढे ते काम हळूहळू आटलं. नोटिसा मोबाइलवर जाऊ लागल्या, याद्या लहान मशीनवर सुट्या कागदावर निघू लागल्या. मासिकवाल्यांनी पट्ट्या आपल्याकडेच छापायला घेतल्या. मशीन कधी आठवड्यातून एक दिवस चाले, कधी तेही नाही. काका तरी रोज येत, झाकण पुसत, उरलेल्या खोक्यांवर चादर घालत. मग रायपूरचा एक भंगारवाला येऊन मशीन बघून गेला. ती नेली त्या दिवशी काका आले नाहीत. सेठजींनी त्यांना पुढच्या भागात काम देऊ केलं होतं, ते खरं. काका म्हणाले, "सुटे कागद मले नाही जमत सेठजी," आणि गावी निघून गेले. जाताना मला फक्त एक चिकटपट्टीचं रीळ देऊन गेले.

मला सहा-सात महिन्यांनी देवरी तालुक्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली. दाखले लिहायचे, पट नीट ठेवायचा. एखाद्या मुलाचं नाव कमी करायची वेळ आली की मी आधी ते मोठ्याने वाचते. हेडमास्तर हसतात. ही सवय कुणाची ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्याच रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन चिचगडला गेले. काकांचं घर गावाच्या टोकाला आहे, पलीकडे जंगल सुरू होतं. काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. "केवढी झालीस," एवढंच म्हणाल्या. त्या मला त्यापूर्वी कधी भेटल्या नव्हत्या. मी खाली वाकून पाया पडले ते चेहरा लपवायला.

काका खंगले होते. मशीनबद्दल विचारलं नाही. "तुह्या शाळेत सातवीत किती पोरी हायेत?" एवढं विचारलं. मी म्हटलं, एकोणीस. "सगळ्या येतात?" मी म्हटलं, येतात काका. "बरं," म्हणाले. पावसाळा लागायच्या आत काका गेले, म्हणून ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी बस चुकेल म्हणून मी उठले. कुंपणाबाहेर आल्यावर मागे वळून पाहिलं. अंगणात दोरीवर वाळत घातलेलं काकूंचं लुगडं काढायचं चाललं होतं. काका पायरीवर बसले होते. काकू दोरीवरून लुगडं थोडं थोडं सोडत होत्या आणि काका खाली तळहातावर घेत होते, एक घडी इकडे, एक घडी तिकडे, मधूनच कडेला हलकी थाप. लुगडं संपलं. काकूंनी घडी उचलून घेतली आणि त्या आत गेल्या.

काकांचा तळहात तसाच पुढे होता.